युद्धकाळातील मित्रांची पारख करणारे यशवंतराव

पुण्याहून साताऱ्याकडे येताना शिरवळ आणि खंडाळा मागे पडले की खंबाटकीचा घाट लागतो. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्यांची ही जुनी वाट. याच खोऱ्याने महाराष्ट्राला पहिला मुख्यमंत्री दिला. मात्र, एखाद्या देशावर युद्ध ओढवले असता इतर देशांची सरकारे कशी वागतात, याचा जो अनुभव यशवंतराव चव्हाण यांनी दिल्लीत घेतला, तो त्यांच्या चरित्रातील तितकाच महत्त्वाचा अध्याय आहे.

तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आई विठाबाईंनी हलाखीत मुलांना वाढविले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि १९३२ मध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला; पण दुसऱ्या महायुद्धाने हा धागा तुटला. नाझीवादाच्या पराभवासाठी ब्रिटनच्या युद्धप्रयत्नांना साह्य करावे, असे रॉय यांचे मत होते. व्हाइसरॉयने भारतीयांना न विचारताच देश युद्धात लोटला होता. पारतंत्र्यातील असे साह्य यशवंतरावांना पटले नाही. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. दूरच्या युद्धाबाबत कोणती भूमिका घ्यावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे असा तरुणपणीच उभा राहिला होता.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीस बोलाविले. २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षण खात्याची सूत्रे हाती घेतली. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावून गेला, ही भावना महाराष्ट्रात उमटली. परंतु नव्या मंत्र्यांपुढील चित्र विदारक होते. क्यूबाच्या पेचप्रसंगात गुंतलेल्या सोव्हिएत संघाने आरंभी चीनकडे झुकणारी भूमिका घेतली होती. डिसेंबरमध्ये कोलंबोत जमलेल्या ६ अलिप्त राष्ट्रांनी मध्यस्थीचे प्रस्ताव मांडले, पण आक्रमकाला आक्रमक म्हणण्याचे टाळले. अमेरिका आणि ब्रिटनने शस्त्रे तातडीने धाडली. १२ कोटी डॉलरच्या साह्याचा निर्णयही डिसेंबरमध्येच झाला. मात्र त्या मदतीबरोबर काश्मीरप्रश्नी पाकिस्तानशी बोलणी करण्याचा आग्रहही आला. या बोलण्यांच्या ६ फेऱ्या निष्फळ ठरल्या.

यशवंतरावांनी याबद्दल आदळआपट केली नाही. प्रत्येक सरकार आपले हित पाहणार, हे गृहीत धरूनच त्यांनी आखणी केली. लष्कराची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत नेणे, डोंगराळ युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभारणे आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन करणे, ही उद्दिष्टे ठरली. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेस गेले. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ विमाने भारताला देण्यास अमेरिका तयार झाली नाही. याच दौऱ्यात नेहरूंच्या निधनाची वार्ता आली. पुढे काही महिन्यांतच ते मॉस्कोला गेले आणि सप्टेंबरमध्ये शस्त्रपुरवठ्याचा करार झाला. मिग विमानांच्या बांधणीचा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे उभा राहिला.

या तयारीची परीक्षा लगेचच झाली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले, तेव्हा हवाई दल वापरण्याचा निर्णय यशवंतरावांनी काही मिनिटांत दिला. ६ सप्टेंबरला भारतीय फौजांनी लाहोर आघाडीवर सीमा ओलांडताच ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी भारताला दोष दिला. अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबविला. इराण, तुर्कस्तान आणि इंडोनेशियाने पाकिस्तानची बाजू घेतली. चीनने सिक्कीम सीमेवरून निर्वाणीचा इशारा दिला. २० सप्टेंबरच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावानंतर २३ तारखेला युद्ध थांबले. १९६२ मध्ये आरंभी चीनकडे झुकलेल्या सोव्हिएत संघानेच आता मध्यस्थी केली. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करार झाला, तेव्हा यशवंतराव लालबहादूर शास्त्रींसमवेत तेथे होते. त्याच रात्री शास्त्रीजींचे निधन झाले.

ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले. ज्या चीनच्या आक्रमणामुळे त्यांना मुंबई सोडावी लागली, त्याच चीनशी राजदूत पातळीवरील संबंध १९७६ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत पुन्हा जोडले गेले. चौदा वर्षांपूर्वीचा घाव विस्मरणात गेला नव्हता. पण मैत्री आणि वैर ही दोन्ही कायमची नसतात. कायमचे असते ते आपले बळ, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांची प्राणज्योत मालवली. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. जगात कोठे ना कोठे रणभेरी वाजतात आणि देशोदेशीची सरकारे निवेदने काढतात. त्या निवेदनांच्या भरवशावर सीमा राखता येत नाही, हा धडा कृष्णाकाठच्या या नेत्याने घालून दिला आहे.