मदर अ‍ॅना डेंगेल : रुग्णाला विलंब परवडत नाही हे जाणणारी धर्मभगिनी

आजाऱ्यांची सेवा हे ख्रिस्तसभेचे आरंभापासूनचे कार्य आहे. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत धर्मभगिनींनी वैद्यकीचा व्यवसाय करणे व प्रसूतीची कामे करणे ख्रिस्तसभेच्या नियमांत बसत नव्हते. व्रतस्थ जीवनाच्या पावित्र्याला बाधा येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. परंतु ज्या प्रदेशांत स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येतच नसत, तेथे या नियमाची किंमत माता व बालके आपल्या प्राणांनी मोजत होती. हे चित्र बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत मदर अ‍ॅना डेंगेल यांचे नाव अग्रभागी आहे.

अ‍ॅना यांचा जन्म १६ मार्च १८९२ रोजी ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात, श्टेग या डोंगराळ गावी झाला. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. तरुणपणी त्यांना स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन यांच्या कार्याची माहिती मिळाली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कॅथलिक श्रद्धा स्वीकारलेल्या या डॉक्टरबाईंनी तत्कालीन हिंदुस्थानातील रावळपिंडी येथे स्त्रिया व बालकांसाठी सेंट कॅथरिन रुग्णालय उभारण्यास पुढाकार घेतला होता. धर्मभगिनींना वैद्यकीय सेवेची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी रोमकडे वारंवार विनंती केली. ती मान्य झाली नाही. अ‍ॅना यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि त्यांच्याच सल्ल्याने आयर्लंडमधील कॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेण्याचे ठरविले. दोघींची भेट मात्र कधीच झाली नाही. १७ एप्रिल १९१३ रोजी डॉ. मॅक्लॅरन देवाघरी गेल्या.

अ‍ॅना १९१९ साली डॉक्टर झाल्या व १९२० साली रावळपिंडीस आल्या. तेथे पडदा पद्धतीमुळे अनेक कुटुंबे घरातील स्त्रीला परक्या पुरुषाकडून तपासून घेण्यास राजी नसत. अडलेली बाळंतीण दिवसेंदिवस घरातच तळमळत राही. सुईणीचे सर्व उपाय थकले, की मग तिला रुग्णालयात आणले जाई. तोवर बाळ पोटातच दगावलेले असे. आईला रक्तस्राव झालेला असे किंवा जंतुसंसर्गाने ताप चढलेला असे. ज्या वाचत, त्यांतील काहींना जन्मभराची इजा सोसावी लागे. वेळेवर उपचार झाले असते तर टळू शकले असते असे हे मृत्यू डॉ. अ‍ॅना रोज पाहत होत्या. रुग्णालयातील फ्रान्सिस्कन भगिनी मनोभावे शुश्रूषा करीत. पण डॉक्टरची उणीव शुश्रूषेने कशी भरून निघणार? एकटीच्या बळावर हे काम पेलणार नाही, हे त्यांनी ओळखले. सुमारे चार वर्षांनी, शरीराने व मनाने थकलेल्या अवस्थेत, त्या युरोपला परतल्या.

थकवा होता, पण निर्धार ढळला नव्हता. अमेरिकेत होली क्रॉस संघाचे फादर मायकल मॅथिस यांचे साहाय्य त्यांना लाभले आणि ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे दोन डॉक्टर व दोन परिचारिका अशा चौघींनी एका नव्या संघाची स्थापना केली. तोच पुढे मेडिकल मिशन सिस्टर्स म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रचलित नियमांनुसार जाहीर व्रते घेतल्यास या भगिनींना वैद्यकी सोडावी लागली असती. म्हणून त्यांनी व्रतांविना समर्पित जीवन पत्करले. ख्रिस्तसभेच्या आज्ञेबाहेर त्या गेल्या नाहीत आणि परवानगी मिळेपर्यंत रुग्णांनाही त्यांनी ताटकळत ठेवले नाही. स्वतःच्या व्रतांसाठी मात्र त्या जवळजवळ अकरा वर्षे थांबल्या.

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्ड्स मातेच्या सणादिवशी, पोप पायस अकरावे यांच्या कारकिर्दीत रोमहून आदेश निघाला. त्याने मिशन प्रदेशांतील धर्मभगिनींना वैद्यकीय शिक्षण घेऊन माता व बालकांची सेवा करण्यास केवळ मुभाच नव्हे, तर उत्तेजन दिले. डॉ. मॅक्लॅरन यांची विनंती त्यांच्या पश्चात तेवीस वर्षांनी फळास आली.

त्यानंतर संघाचे कार्य अनेक देशांत पसरले. आपल्या देशात पाटणा व दिल्ली येथे होली फॅमिली रुग्णालये उभी राहिली. १९४८ साली मदर तेरेसा यांनी गरिबांच्या सेवेसाठी लोरेटो मठ सोडला, तेव्हा शुश्रूषेचे प्राथमिक धडे त्यांनी पाटण्याच्या याच भगिनींकडे गिरविले.

१७ एप्रिल १९८० रोजी रोम येथे मदर अ‍ॅना यांनी प्रभूच्या हाती आपला आत्मा सोपविला. आपल्या गुरुस्थानी असलेल्या डॉ. मॅक्लॅरन यांच्या मृत्यूचाही दिनांक तोच होता.

आज रुग्णालये जवळ आली आहेत, स्त्री-डॉक्टरही आहेत. तरीही घरातील कामे, खर्चाची चिंता किंवा संकोच यांपायी आपल्या कित्येक माताभगिनी दुखणे अंगावर काढतात. प्रार्थना अवश्य करावी; पण प्रार्थनेसाठी बसलेल्या कुटुंबाने आपल्या आजारी माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडेही न्यावे. मदर अ‍ॅना यांचे स्मरण करताना प्रत्येक घराने एवढे जरी पाळले, तरी त्यांच्या कष्टांचे चीज होईल.