वाचून दाखवणारा आवाज

विदर्भात ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून ओळखले जाणारे संत गुलाबराव महाराज ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे जन्मले. नवव्या महिन्यात डोळे आले, त्यांत चुकीचे औषध घातले गेले आणि दृष्टी कायमची गेली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. (तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत कुणी सुचवलेले औषध घालू नका, थेट नेत्रतज्ज्ञ गाठा, हे आजही सांगावे लागते.) चौथ्या वर्षी आई गेली. ते आजोळी वाढले.

मुंबईत अ‍ॅना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली ती १९०० मध्ये. तोवर महाराज विशीला टेकले होते. त्यांचे सारे वाचन कानांनी झाले. कुणी तरी पोथी मोठ्याने वाचायची, त्यांनी ती ऐकून मनात साठवायची. ते डोळ्यांविना ग्रंथ वाचत, अशा आख्यायिका पुष्कळ आहेत. मला मात्र तासन् तास वाचून दाखवणाऱ्या त्या सोबत्यांचे मोल अधिक वाटते. वेदान्तापासून डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांपर्यंत विषय त्यांनी हाताळले आणि १३०च्या आसपास लहानमोठे ग्रंथ सांगून लिहवून घेतले. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात ते गेले. वय अवघे ३४.

त्या सोबत्यांचे काम आता ‘स्क्रीन रीडर’ करतो. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर बोलून दाखवते. संगणकावरचे ‘एनव्हीडीए’ फुकट मिळते; अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ असतेच. मात्र या वाचकाला अक्षर हे अक्षर म्हणूनच लागते. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो नीट वाचतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला असेल तर अर्थहीन आवाज काढतो. बटणाला नाव दिलेले नसेल तर नुसते ‘बटण’ म्हणतो. ते अर्ज पाठवायचे की रद्द करायचे, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे! संकेतस्थळे अंधांना वापरता आली पाहिजेत, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. त्यासाठी बटणाला नाव, चित्राला दोन ओळींचे वर्णन आणि युनिकोड एवढे केले तरी बरेच अडथळे दूर होतात.

परभणीजवळच्या पेडगावात बसून एखाद्या अंध विद्यार्थ्याने महाराजांचाच ग्रंथ फोनवर उघडला आणि तिथे नुसते पानांचे फोटो चढवलेले असले, तर शेजारच्या कुणाला तरी हाक मारून वाचून घ्यावे लागेल.