गास्तों प्लांते

गास्तों प्लांते (२२ एप्रिल १८३४ – २१ मे १८८९) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. एकदा रिता झाल्यावर पुन्हा विद्युतभारित करता येईल असा पहिला व्यवहारोपयोगी विद्युत घट त्यांनी १८५९ मध्ये तयार केला. शिसे-अम्ल संचायक या नावाने ओळखला जाणारा हा घट मोटारगाड्या, दूरध्वनी केंद्रे, घरगुती इन्व्हर्टर आणि हौशी रेडिओ केंद्रे यांत आजही वापरला जातो. असा घट केवळ बनवून भागत नाही, तर त्याचे आयुष्य तो कसा भारित केला जातो व कसा राखला जातो यावर अवलंबून असते, ही गोष्ट प्लांते यांच्या प्रदीर्घ प्रयोगांतून स्पष्ट झाली.

सुरुवातीचे जीवन

प्लांते यांचा जन्म नैर्ऋत्य फ्रान्समधील ऑर्तेझ या गावी झाला. त्यांचे धाकटे बंधू फ्रान्सिस प्लांते हे पुढे नामांकित पियानोवादक झाले. गास्तों यांचे शिक्षण पॅरिसमध्ये झाले. १८५४ मध्ये तेथील कोंझर्व्हातवार दे झार ए मेतिये या कला व उद्योगशिक्षणाच्या संस्थेत ते भौतिकशास्त्राचे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

त्यांचे नाव विद्युतशास्त्राआधी जीवाश्मशास्त्रात नोंदले गेले. १८५५ मध्ये पॅरिसजवळील म्यूदों येथे त्यांना एका प्रचंड पक्ष्याचे जीवाश्म सापडले. उडू न शकणाऱ्या या प्रागैतिहासिक पक्ष्याला एदमों एबेर यांनी गास्टॉर्निस असे नाव दिले. नावाचा पूर्वार्ध गास्तों यांच्यावरून घेतलेला आहे.

पार्श्वभूमी

१८०० मध्ये व्होल्टा यांनी विद्युत घटमाला शोधून काढल्यानंतर अनेक प्रकारचे घट प्रचारात आले. हे सर्व प्राथमिक घट होते. त्यांतील जस्त किंवा रासायनिक द्रव्य संपले की ते बदलावे लागे. तारायंत्रे आणि प्रयोगशाळा यांच्यावरच चालत, मात्र वीज महाग पडे.

विद्युत प्रवाह काही काळ सोडल्यानंतर धातूच्या पट्ट्यांमधून उलट दिशेने अल्पकाळ प्रवाह मिळतो, हे जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखविले होते. १८५४ मध्ये व्हिल्हेल्म झिन्स्टेडेन यांनी शिशाच्या पत्र्यांवर अशीच निरीक्षणे केली होती. ध्रुवण म्हणून ओळखला जाणारा हा परिणाम बहुतेकांच्या दृष्टीने घटातील दोष होता. प्लांते यांनी या दोषाचाच उपयोग करून घेता येईल काय, याचा पद्धतशीर शोध घेतला. निरनिराळ्या धातूंची तुलना केल्यावर विरल गंधकाम्लात बुडविलेल्या शिशापासून सर्वांत जोरदार व सर्वांत टिकाऊ उलट प्रवाह मिळतो, असे त्यांना आढळले.

संचायकाचा शोध

१८५९ मध्ये प्लांते यांनी शिशाचे दोन लांब पत्रे एकावर एक ठेवून त्यांची गुंडाळी केली. पत्रे एकमेकांस चिकटू नयेत म्हणून मध्ये प्रथम कापड व पुढे रबराच्या पट्ट्या घातल्या. ही गुंडाळी विरल गंधकाम्ल भरलेल्या काचपात्रात ठेवली. गुंडाळीमुळे लहान जागेत पत्र्यांचे मोठे क्षेत्रफळ मावले. त्यामुळे घटाचा अंतर्गत रोध फार कमी राहिला आणि थोड्या वेळापुरता अतिशय मोठा प्रवाह मिळू लागला. १८६० मध्ये त्यांनी असे नऊ घट जोडलेला संच फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला.

नवीन घटात वीज फारशी साठत नसे. ती साठावी म्हणून पत्र्यांची घडण करावी लागे. घट भारित करणे, रिता करणे, नंतर प्रवाहाची दिशा पालटून पुन्हा भारित करणे आणि मधल्या काळात त्याला विश्रांती देणे, असा हा क्रम होता. विश्रांतीचा काळ आरंभी काही तासांचा असे, तो पुढे दिवस, आठवडे आणि महिन्यांपर्यंत वाढविला जाई. प्रत्येक फेरीत शिशाचा आणखी थोडा थर क्रियाशील होई व घटाची क्षमता वाढे. पत्रे आधी नायट्रिक अम्लात भिजविल्यास हा काळ कमी होतो, हेही त्यांना पुढे आढळले.

त्या वेळी व्यवहारोपयोगी विद्युत जनित्र उपलब्ध नव्हते. झेनोब ग्राम यांचे जनित्र १८७१ मध्ये पुढे आले. तोपर्यंत प्लांते यांना आपले घट प्राथमिक घटांच्या साहाय्यानेच भारित करावे लागत. म्हणजे स्वस्त वीज साठविण्याचे साधन तयार होते, परंतु स्वस्त वीज नव्हती. या कारणाने जवळजवळ वीस वर्षे या शोधाचा व्यापक उपयोग झाला नाही. त्याचा वापर मुख्यतः प्रयोगशाळेत आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तार तापवून ऊतक जाळण्यासाठी होई. प्लांते यांनी मेणबत्ती पेटविण्याचे एक लहान उपकरणही बनविले होते. घटातील प्रवाहाने त्यातील प्लॅटिनमची तार लाल होई. किमयागार शिशाचा संबंध शनीशी जोडत, म्हणून त्याला शनीचे नाव दिले होते.

कार्य

भारित घटात धन अग्रावर शिशाच्या डायऑक्साइडाचा तपकिरी थर आणि ऋण अग्रावर सच्छिद्र शिसे असते. घट वीज देऊ लागला की दोन्ही अग्रांवर शिशाचे सल्फेट तयार होते व अम्ल पातळ होत जाते. भारित करताना हीच क्रिया उलट होते. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. त्यामुळे प्रचलित १२ व्होल्टच्या बॅटरीत असे ६ घट असतात.

प्लांते यांच्या घडणीत विश्रांतीच्या काळात तयार होणारे सल्फेटच पुढील फेरीत क्रियाशील थर वाढवीत असे. याउलट रिता घट तसाच पडून राहिला, तर सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. ज्या द्रव्यामुळे घट घडतो त्याच द्रव्यामुळे दुर्लक्षित घट निकामी होतो.

उच्च दाबाचे प्रयोग

प्लांते यांनी पुढे ८०० घट एकसर जोडून सुमारे १,६०० व्होल्टचा दाब मिळविला. १८७७ च्या सुमारास त्यांनी अभ्रकाची धारित्रे वापरून एक यंत्र तयार केले. त्यातील धारित्रे समांतर जोडणीत भारित होत व फिरत्या दंडगोलामुळे क्षणात एकसर जोडणीत येऊन विसर्जित होत. त्यामुळे दाब अनेक पटींनी वाढे. या साधनांच्या साहाय्याने त्यांनी वीज कोसळणे आणि गोलाकार वीज यांसारख्या नैसर्गिक घटनांशी साम्य असणारे परिणाम प्रयोगशाळेत पाहिले. १८७९ मध्ये त्यांनी आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात घटाची रचना व घडणीची रीत तपशीलवार दिली असल्याने कोणालाही तो घट तयार करणे शक्य झाले.

फोर यांची सुधारणा

१८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची रीत शोधून काढली. महिनोन्‌महिने चालणारी घडण त्यामुळे फार थोड्या वेळात होऊ लागली. जनित्रांचा प्रसारही त्याच सुमारास झाल्याने संचायकांचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी विज्ञान अकादमीने प्लांते यांना लाकाझ पारितोषिक दिले.

फोर यांच्या रीतीने प्लांते यांची मूळ रीत मागे पडली, तरी ती नाहीशी झाली नाही. शुद्ध शिशाच्या पत्र्यातूनच क्रियाशील थर घडविलेले घट जड व महाग असतात, परंतु वीस वर्षांहून अधिक काळ टिकू शकतात. वीज केंद्रे व दूरसंचार केंद्रे यांत असे घट प्लांते घट या नावानेच वापरले गेले.

हौशी रेडिओ व घटाची निगा

हौशी रेडिओच्या क्षेत्रात शिसे-अम्ल संचायकाला विशेष स्थान आहे. अनेक हौशी रेडिओ संच १३.८ व्होल्टवर चालण्यासाठी बनविलेले असतात. मोटारीचे इंजिन चालू असताना तिच्या बॅटरीवर असणाऱ्या दाबाशी हा आकडा मिळताजुळता आहे. १०० वॉटचा संच ऐकताना सुमारे १ अँपिअर, तर प्रक्षेपण करताना सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. असा मोठा प्रवाह एकदम देण्याचा गुण प्लांते यांच्या पहिल्या गुंडाळीतही होता.

नेण्याआणण्याच्या संचांसाठी बंदिस्त प्रकारची बॅटरी वापरतात. तिची निगा पुढील बाबींवर अवलंबून असते. वापरानंतर ती लवकरात लवकर पूर्ण भारित करावी लागते व भारित स्थितीतच ठेवावी लागते. न वापरताही ती हळूहळू रिती होत असल्याने काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा भारित करणे आवश्यक असते. काही तास विश्रांती दिलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.७ व्होल्ट असल्यास ती पूर्ण भारित असते. १२ व्होल्टच्या खाली गेल्यास ती जवळजवळ रिती झालेली असते. सतत जोडून ठेवताना सामान्य तापमानाला १३.५ ते १३.८ व्होल्टचा दाब राखतात. उघड्या प्रकारच्या बॅटरीत पाण्याची पातळी कमी झाल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालतात. भारित करताना हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो, म्हणून जागा हवेशीर असावी लागते व जवळ ठिणगी पडू देत नाहीत.

हातात धरण्याच्या लहान संचांत आता लिथियम आयन घट असतात. ते दीर्घकाळ ठेवताना अर्धवट भारित ठेवणे हितावह असते. शिसे-अम्ल घटाचा नियम याच्या उलट असल्याने दोन्ही प्रकारांना एकच पद्धत लावल्यास नुकसान होते.

या निगेचे महत्त्व आपत्तीच्या वेळी दिसून येते. २००१ मधील गुजरातचा भूकंप आणि २००४ मधील त्सुनामीनंतर अंदमान बेटे येथे नेहमीची संदेशवहन व्यवस्था कोलमडली असताना हौशी रेडिओचालकांनी संदेश पोहोचविले. वीजपुरवठा खंडित झाल्यावर असे केंद्र साठविलेल्या विजेवर किंवा जनित्रावर चालवावे लागते. आधी राखलेली नसलेली बॅटरी अशा वेळी उपयोगी पडत नाही.

मृत्यू व वारसा

२१ मे १८८९ रोजी म्यूदोंजवळील बेलव्यू येथे प्लांते यांचे निधन झाले. तरुणपणी ज्या परिसरात त्यांना गास्टॉर्निसचे जीवाश्म सापडले होते, त्याच परिसरात त्यांची अखेर झाली. फ्रेंच विज्ञान अकादमीतर्फे विद्युतशास्त्रातील कार्यासाठी त्यांच्या नावाने पारितोषिक देण्यात येऊ लागले. बल्गेरियाच्या विज्ञान अकादमीने १९८९ मध्ये शिसे-अम्ल घटांवरील संशोधनासाठी गास्तों प्लांते पदक सुरू केले.