इंदूरची तुळस, एडिंबराचा टॉवर

‘एकदा तरी जायचंच’ म्हणून सेव्ह करून ठेवलेल्या रील्सचा ढीग तुमच्या फोनमध्ये असणारच. सिंगापूरच्या गार्डन्स बाय द बेमधली ती लोखंडी झाडं, मिलानच्या बोस्को व्हर्टिकालेच्या बाल्कन्यांमधलं जंगल, अबुधाबीजवळचं मस्दार. भविष्यातलं शहर म्हटलं की काच, स्टील, सोलर पॅनल आणि मधेमधे हिरवळ, हेच चित्र आपल्या डोक्यात फिट बसलंय. पण इको-फ्रेंडली शहराचा विचार शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलेला एक माणूस होता. त्याच्या कामाची ठिकाणं आजही बघता येतात. त्यातलं एक तर मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी गाठता येतं. शिवाय हा माणूस मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होता, म्हणजे तसा आपलाच! नाव पॅट्रिक गेडिस.

जन्म २ ऑक्टोबर १८५४, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावचा. वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहानाचा मोठा झाला तो पर्थ शहराबाहेरच्या टेकडीवरच्या घरात. बाग करायची, वडिलांबरोबर मैलोन् मैल चालायचं आणि टेकडीवरून खालचं शहर, नदी, शेतं एका नजरेत बघायची, हे त्याचं खरं शिक्षण. पुढे वनस्पतिशास्त्र शिकायला तो एडिंबरा विद्यापीठात गेला आणि आठवड्याभरात सोडून आला! मग लंडनला जाऊन थॉमस हक्सले या नामांकित जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला. तुम्हाला सेमिस्टरचं टेन्शन आलं असेल तर ऐका, या माणसाने आयुष्यात एकही डिग्री घेतली नाही. (आईबाबांना हे वाक्य वाचून दाखवू नका. त्याला जमलं.)

१८७९ मध्ये, पंचविशीत, तो संशोधनासाठी मेक्सिकोला गेला आणि तिथे त्याचे डोळे गेले. कित्येक आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. मायक्रोस्कोपवर ज्याचं करिअर उभं राहणार होतं त्याच्यासाठी याहून वाईट काय असेल? अंधारात चाचपडताना त्याच्या हाताला खिडकीच्या चौकटी लागल्या. तशाच चौकटी कागदाला घड्या घालून करायच्या आणि एकेका चौकोनात मनाने एकेक कल्पना मांडायची, असा खेळ त्याने स्वतःशीच सुरू केला. पुढे नजर परत आली, पण तासन् तास मायक्रोस्कोपला लावण्याइतकी नाही. तेव्हा बारीक पेशी बघणारा हा माणूस मोठी गोष्ट बघायला लागला. शहर. तेही वनस्पतीसारखंच जिवंत असतं, माती, पाणी आणि माणसांच्या कामातून वाढतं, असं त्याच्या डोक्यात बसलं. घड्यांच्या कागदावरचे तक्ते मात्र शेवटपर्यंत सुटले नाहीत. ते बघून आजही डोकं गरगरतं, आधीच सांगून ठेवते.

१८८६ मध्ये गेडिस यांनी ॲना मॉर्टनशी लग्न केलं. ॲना लिव्हरपूलच्या खात्यापित्या व्यापारी घरातली. नव्या जोडप्याने संसार मांडला तो एडिंबराच्या ओल्ड टाउनमध्ये, जेम्स कोर्ट नावाच्या वस्तीत. त्या काळी श्रीमंत मंडळी न्यू टाउनला निघून गेलेली. मागे उरलेल्या उंच, काळवंडलेल्या इमारतींमध्ये एकेका खोलीत अख्खी कुटुंबं कोंबलेली. आपल्याकडच्या मोडकळीला आलेल्या चाळी डोळ्यांसमोर आणा. नगरपालिकेला सगळं पाडायचं होतं. गेडिस दांपत्याने चुना आणि ब्रश घेतला. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन घरं रंगवली, अंगणं साफ केली, खिडक्यांत फुलांच्या पेट्या ठेवल्या, ओसाड तुकड्यांवर बागा केल्या. पाडायचीच झाली तर अगदी पडायला आलेली एखादी इमारत पाडायची, तिथे चौक होऊ द्यायचा, म्हणजे बाकीच्यांना ऊन-वारा मिळतो. या पद्धतीला त्यांनी डॉक्टरी नाव दिलं, जपून केलेली शस्त्रक्रिया. आधी रोग ओळखा, मग कापा. आणि रोग ओळखायचा तर शहरभर पायी हिंडा.

१८८७ मध्ये त्यांनी तिथेच विद्यार्थ्यांसाठी हॉस्टेल काढलं. त्याचा कारभार विद्यार्थ्यांनीच बघायचा. वॉर्डनच्या शिट्टीला वैतागलेल्यांनी नोंद घ्यावी. १८९२ मध्ये किल्ल्याजवळची एक जुनी इमारत घेऊन त्यांनी आउटलुक टॉवर सुरू केला. इथे आलेल्या पाहुण्याला आधी धापा टाकत थेट गच्चीपर्यंत चढवायचं. वर कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे आरसा आणि भिंगातून अंधाऱ्या खोलीतल्या टेबलावर आख्खं शहर हलतं-चालतं दिसणार. मग एकेक मजला खाली उतरायचं. एडिंबरा, स्कॉटलंड, युरोप आणि सगळ्यात खाली जग. आपली गल्ली आणि पृथ्वी एकाच जिन्याने जोडलेल्या आहेत, हे भाषण न देता पायांना समजावून सांगायची ही युक्ती मला भारी वाटते. टॉवर आजही आहे. वरचा कॅमेरा चालू आहे, खालचे मजले आता दृष्टिभ्रमांच्या खेळांनी भरलेत. शेजारीच गेडिस यांनी उभं केलेलं रॅमसे गार्डन, ते लाल-पांढऱ्या बांधणीचं, परीकथेतल्यासारखं घरांचं झुबकं. एडिंबराच्या पोस्टकार्डवर ते हमखास असतं, पण ते कुणी आणि का बांधलं हे कार्डावर नसतं.

भारतात ते आले साठीला टेकल्यावर. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी शहरांविषयीचं त्यांचं प्रदर्शन भारतात बोलावलं होतं. नकाशे, चित्रं, तक्ते असं वर्षानुवर्षांचं साहित्य ‘क्लॅन ग्रँट’ या बोटीवर चढवलं, आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये ती बोट ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवली. सगळं समुद्राच्या तळाशी. बॅकअप नावाचा प्रकारच नव्हता. मित्रांनी इंग्लंडमध्ये धावाधाव करून नवं साहित्य जमवलं आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन उघडलं. त्याच वर्षी ‘सिटीज इन इव्होल्युशन’ हे त्यांचं पुस्तक आलं. शहरं पसरत पसरत एकमेकांत मिसळतात त्याला ‘कोनर्बेशन’ हा शब्द त्यांनी दिला. मुंबई, ठाणे, डोंबिवली, कल्याण यातलं एक शहर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे लोकलच्या दारात उभं राहून ज्यांना कधी कळलं नाही, ते या शब्दात रोज प्रवास करतात.

पुढची वर्षं ते भारतभर शहरं पायी पालथी घालत राहिले. सरकारी इंजिनिअर जुन्या मोहल्ल्यांतून सरळ, रुंद रस्ते काढायच्या बेतात असायचे. गेडिस विचारायचे, ज्यांची घरं जाणार ती माणसं कुठे जाणार? उरलेल्या घरांत कोंबली जाणार, म्हणजे गर्दी वाढणार, रोगराईही वाढणार. मलेरियाच्या भीतीने तलाव बुजवायची टूम निघाली होती. तलाव हवा गार ठेवतात, डास हवेत नको असतील तर मासे आणि बदकं सोडा, असा त्यांचा सल्ला. आणि दारातली तुळस ही त्यांच्या लेखी नीट राखलेल्या घराची खूण होती. आपल्याला जे आजीचं जुनाट वाटतं ते या साहेबाला नगरनियोजन वाटत होतं.

याच धावपळीत १९१७ साल आलं. थोरला मुलगा ॲलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा भारतातच तापाने अंथरुणाला खिळली होती. तिला ही बातमी सोसवणार नाही म्हणून गेडिस यांनी ती सांगितलीच नाही. मुलाची जुनी पत्रं तिला वाचून दाखवत राहिले. कलकत्त्यात तिने डोळे मिटले तेव्हा मुलगा गेल्याचं तिला माहीत नव्हतं. तीस वर्षं खांद्याला खांदा लावून चुना फासलेली बायको आणि ज्याच्यावर पुढचं काम सोपवायचं तो मुलगा, दोघंही काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

आणि तरी इंदूर घडलं. होळकरांच्या या शहरात प्लेगने थैमान घातलं होतं. नकाशा घेऊन गल्लोगल्ली फिरणारा दाढीवाला म्हातारा बघून लोकांची समजूत झाली, की हा घरं पाडायलाच आलाय. गेडिस यांनी महाराज तुकोजीराव होळकरांकडे एक अजब मागणी केली, मला एक दिवसाचा महाराजा करा. महाराजांनी केलं! मग दवंडी पिटली, यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या रस्त्यांनी जाणार नाही. जी वस्ती सगळ्यात जास्त साफसफाई आणि डागडुजी करेल, तिथून जाईल.

झालं, अख्खं शहर कामाला लागलं. कचऱ्याच्या गाड्या भरभरून निघाल्या, भिंतींना रंग चढला. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, पण अस्वच्छतेचा एक राक्षस होता आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. त्यांच्यामागून पांढरेशुभ्र कपडे घातलेले सफाई कामगार, त्यांच्या फुलांनी सजवलेल्या गाड्या आणि बैल. ज्यांची सावली चुकवली जायची त्यांना शहराच्या मुख्य मिरवणुकीत मानाची जागा. मग नगराची देवी आणि शेवटी घरोघरी वाटायला तुळशीची रोपं. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले. ही हकिकत पुढे गेडिस स्वतःच रंगवून सांगायचे, तेव्हा थोडा मीठमसाला गृहीत धरा. पण १९१८ मध्ये इंदूर दरबाराला दिलेला त्यांचा दोन खंडांचा अहवाल खराच आहे. कान्ह आणि सरस्वती या नद्यांचे काठ, घाट, बागा, विहिरी, सगळ्यांचा विचार त्यात आहे.

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं येणारं इंदूर तुम्हाला माहितीये. सराफ्यातली खाऊगल्लीही माहितीये. आता गेलात तर राजवाड्यापासून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत जा आणि खालची कान्ह बघा. रस्ते चकाचक झाले, नदीचं मात्र अजून जमलेलं नाही. गेडिस यांनी सगळ्यात जास्त जीव लावला होता तो नेमका नदीकाठाला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस. शिक्षक म्हणून ते सोपे नव्हते. एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारायचे, दाढीत पुटपुटायचे, आणि लिहिलेलं तर त्याहून अवघड. पण मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच पुढाकाराने समाजशास्त्र शिकायला इंग्लंडला गेले आणि परत येऊन १९२४ मध्ये त्यांनी हाच विभाग हातात घेतला. आजही कलिनाला समाजशास्त्र शिकणाऱ्यांची वंशावळ तिथून निघते.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती सांगायलाच हवी. गेडिस यांना बोलावणारे गव्हर्नर होते, संस्थानिक होते. लोकांच्या बाजूने लिहिलेले अहवाल वाचायचे कुणी, तर ज्यांना लोकांना विचारायची सवयच नव्हती त्यांनी. बहुतेक अहवाल फडताळात गेले, यात मला तरी नवल वाटत नाही.

कागदावरचं सगळ्यात जास्त प्रत्यक्षात उतरलं ते तेल अवीवमध्ये. १९२५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी त्या शहराच्या विस्ताराचा आराखडा केला. मोठे रस्ते बाहेरून, आतून छोट्या गल्ल्या आणि घरांच्या मधोमध बाग. त्या चौकटीत पुढे आधुनिक पांढऱ्या इमारती आल्या आणि २००३ मध्ये युनेस्कोने या ‘व्हाइट सिटी’ला जागतिक वारसा ठरवलं. सध्या तिकडे जायचा बेत कुणी करणार नाही, पण मॅपवर झूम करून बघा, चौकटी दिसतात.

तब्येत बिघडल्यावर मुंबई सोडून ते फ्रान्समध्ये मॉन्पेलिएला गेले. तिथल्या माळरानावर १९२४ पासून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘स्कॉट्स कॉलेज’ उभं केलं, भोवती स्वतःच्या हाताने बाग लावली. आधी एकदा नाकारलेली ‘सर’ ही पदवी १९३२ च्या सुरुवातीला घेतली, ती घ्यायला लंडनच्या थंडीत जाऊन आले, आणि १७ एप्रिलला मॉन्पेलिएतच गेले. इंदुरात वाटलेल्या रोपांतलं त्या दिवशी कुठलं जिवंत होतं, कोण जाणे. बहुधा त्यांच्या मंजिऱ्यांची मंजिरी.