कागदी माणूस

फुटबॉल पायांनी खेळतात हे खरे. परंतु निम्मा फुटबॉल तोंडाने खेळला जातो, हे कोल्हापुरात वाढलेल्याला कुणी सांगावे लागत नाही. शाहू स्टेडियमवरचा सामना दीड तासात संपतो आणि पेठेच्या कट्ट्यावर तो पुढे आठवडाभर चालू राहतो. अमक्याला बसवायला नको होते, तमक्याने पास द्यायला हवा होता, या वादांत माझ्याही कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत. त्यांतली एकही वाया गेली असे मला वाटत नाही. कट्ट्यावरचा हाच वाद ज्याच्या साऱ्या आयुष्याला चिकटून राहिला आणि मृत्यूनंतर ऐंशीहून अधिक वर्षे लोटली तरी मिटला नाही, अशा एका खेळाडूची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्याचे नाव माटियास सिंडेलार, आणि गाव व्हिएन्ना.

त्याचा जन्म १० फेब्रुवारी १९०३ चा, मोराव्हियातील कोझलॉव्ह या खेड्यातला. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज तो झेक प्रजासत्ताकात आहे. पोटासाठी जशी आपल्याकडची माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, तशी झेक खेड्यांतली माणसे व्हिएन्नाच्या वीटभट्ट्यांकडे जात. १९०५ मध्ये सिंडेलार कुटुंब तेथे आले आणि फाव्होरिटन या कामगार वस्तीत राहू लागले. बाप गवंडी. पहिल्या महायुद्धात १९१७ साली तो इटलीच्या आघाडीवर मारला गेला. आईने लोकांचे कपडे धुऊन चार मुले वाढवली. माटियास कुलुपे-किल्ल्यांचे काम शिकू लागला. उरलेला वेळ रस्त्यावर, चिंध्यांच्या चेंडूमागे. अरुंद गल्लीत धिप्पाड पोरांच्या कचाट्यातून चेंडू घेऊन निसटायचे, तर अंगाला अंग लागू द्यायचे नाही, ही विद्या तो तेथेच शिकला. पुढे जगाने जिला कला म्हटले ती मुळात मार चुकवण्याची युक्ती होती, असे मला वाटते.

१९१८ साली हेर्था या स्थानिक क्लबाने त्याला घेतले. १९२३ मध्ये पोहण्याच्या तलावावर पाय घसरून त्याचा उजवा गुडघा दुखावला. त्या काळी गुडघ्याची शस्त्रक्रिया म्हणजे खेळाची अखेर; पण हान्स श्पिट्झी या शल्यविशारदाच्या हाताला यश आले. त्यानंतर सिंडेलार त्या गुडघ्याला पट्टी बांधल्यावाचून कधी मैदानात उतरला नाही आणि धक्काबुक्कीच्या वाटेला मुळीच गेला नाही. बारीक अंगकाठी, फिकट केस, बचावपटूंच्या फटींतून वाऱ्यावरच्या कागदासारखे सरकत जाणे. लोकांनी त्याचे नावच ‘कागदी’ ठेवले.

आता त्या शहराविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे कळायचे नाही. १९२४ साली ऑस्ट्रियात व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली. इंग्लंड-स्कॉटलंड सोडले तर युरोपात अशी लीग प्रथम येथेच झाली, आणि तिचे सारे क्लब एकट्या व्हिएन्ना शहरातले व त्याच्या आसपासचे होते. म्हणजे लीग कसली, आपल्या पेठापेठांची झुंजच म्हणा ना! हुटेलडॉर्फचा रापिड हा कष्टकऱ्यांचा लाडका, अंगमेहनतीचा आणि शेवटच्या क्षणापर्यंत हार न मानणारा. डोब्लिंगचा फर्स्ट व्हिएन्ना. ज्यूंचा हाकोआह, १९२५ चे अजिंक्यपद त्याने मिळवले. उत्तरेकडच्या वस्तीतला अॅडमिरा. आणि ‘अमॅट्युअर’ नावाचा, शहराच्या मध्यवस्तीतल्या शिकल्यासवरल्या लोकांचा, ज्यात ज्यू वकील-डॉक्टर-व्यापारी पुष्कळ, असा क्लब. व्यावसायिक झाल्यावर ते नाव शोभेना, म्हणून १९२६ मध्ये त्याने ‘ऑस्ट्रिया’ हे नाव घेतले. सिंडेलार १९२४ मध्ये याच क्लबात आला आणि अखेरपर्यंत येथेच राहिला. वीटभट्टीच्या वस्तीतला पोर सुशिक्षितांच्या क्लबाचा मानबिंदू झाला, यातली गंमत त्या शहराच्याही लक्षात आली होती.

आणि प्रत्येक क्लबाचा एक कॉफीगृहातला अड्डा. रविवारी सामना, सोमवारपासून पुढच्या रविवारपर्यंत कॉफी. एका पेल्यावर दोन-दोन तास बसावे, वर्तमानपत्रे फुकट वाचावीत आणि संगमरवरी टेबलावर साखरेचे खडे मांडून चुकलेला गोल पुन्हा खेळून दाखवावा. रिंग कॅफेत तर सगळ्याच क्लबांचे लोक येत. खेळाडू, पत्रकार, पंच, क्लबांचे चिटणीस, कारकून, लेखक. मला या माणसांचा हेवा वाटतो. आपल्याकडे साहित्यावर बोलणारे वेगळे आणि फुटबॉलवर भांडणारे वेगळे. तेथे ती एकाच टेबलावर बसत.

वादाचा पहिला मोठा विषय असा. राष्ट्रीय संघात सेंटर फॉरवर्डच्या जागी कोण, फर्स्ट व्हिएन्नाचा फ्रिट्झ ग्श्वाइडल की सिंडेलार? संघ निवडणारा एकच माणूस होता, हुगो माइझल. बोहेमियातल्या ज्यू व्यापाऱ्याचा मुलगा, पूर्वाश्रमीचा बँकेतला नोकर, अनेक भाषा सफाईने बोलणारा, आणि मध्य युरोपच्या क्लबांसाठी १९२७ मध्ये मित्रोपा कप सुरू करणाऱ्यांतला प्रमुख. सिंडेलारला त्याने सप्टेंबर १९२६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध प्रथम खेळवले आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. परंतु जानेवारी १९२९ मध्ये न्यूरेंबर्गच्या बर्फाळ मैदानावर दक्षिण जर्मनीच्या निवडक संघाने ऑस्ट्रियाला ५-० असे हरवले. बर्फात आखूड पासचा नाजूक खेळ रुतून बसला, असे माइझलचे मत. उलट आपण आखूड पास पुरेसे दिले नाहीत म्हणून हरलो, असे सिंडेलारचे. निवड करणाऱ्याशी असा मतभेद दाखवणाऱ्याचे जे सर्वत्र होते तेच झाले. सिंडेलार बराच काळ संघाबाहेर बसला.

रिंग कॅफे मात्र गप्प बसले नाही. सिंडेलार क्लबासाठी एखादा रविवार गाजवी आणि सोमवारी टेबलांवर माइझलच्या नावाने ठणाणा होई. ग्श्वाइडलचे लोक सांगत की डोक्याने चेंडू खेळावा तर त्यानेच, आणि तो दर आठवड्याला सारखाच चांगला खेळतो. तुमचा कागदी मात्र लहर लागली तर देव, नाही तर नुसता कागद. हा आक्षेप खोटा नव्हता. अखेर मे १९३१ मध्ये, स्कॉटलंडचा संघ येणार त्याच्या आधी, पत्रकारांनी माइझलला कॅफेतच गाठले. पुढची हकीकत व्हिएन्नात आख्यायिकेसारखी सांगतात: माइझलने खिशातून कागद काढला, त्यावर नावे खरडली, तो टेबलावर फेकला, हा घ्या तुम्हा बोरूबहाद्दरांचा संघ अशा अर्थाचे काहीतरी बोलला आणि निघून गेला. कागदावर सिंडेलारचे नाव सेंटर फॉरवर्डच्या जागी होते. पुढील काळात ग्श्वाइडललाही वगळावे लागले नाही. तो शेजारच्या जागेवर खेळू लागला. वर्षानुवर्षे दोघांपैकी कोण म्हणून माणसे भांडली, आणि उत्तर दोघेही असे निघाले.

१६ मे १९३१ रोजी ऑस्ट्रियाने स्कॉटलंडला ५-० असे धुतले. (स्कॉटलंडच्या संघात रेंजर्स व सेल्टिक या त्यांच्या बड्या क्लबांचे खेळाडू नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.) आठ दिवसांनी बर्लिनमध्ये जर्मनीवर ६-०, सप्टेंबरात व्हिएन्नात पुन्हा जर्मनीवर ५-०, बासेलला स्वित्झर्लंडवर ८-१. एप्रिल १९३२ मध्ये हंगेरीवर ८-२. त्यांतले तीन गोल सिंडेलारचे, आणि बाकीच्यांचीही वाट बहुधा त्याच्याच पायांतून निघाली. या संघाला लोक ‘चमत्कार संघ’ म्हणू लागले. सिंडेलारचे वैशिष्ट्य असे की तो सेंटर फॉरवर्ड असून पुढे ठाण मांडून बसत नसे. तो मागे सरके, बचावपटू गोंधळून त्याच्यामागे येई आणि मोकळ्या झालेल्या जागेत शाल किंवा त्सिशेक घुसे. पुढे १९५३ मध्ये हंगेरीच्या हिदेगकुटीने हीच रीत वापरून इंग्लंडचा धुव्वा उडवला.

डिसेंबर १९३२ मध्ये लंडनला इंग्लंडशी गाठ पडली. त्या दिवशी व्हिएन्नाच्या चौकात ध्वनिक्षेपक लावले होते आणि हजारो लोक थंडीत उभे राहून रेडिओवरचे वर्णन ऐकत होते. ऑस्ट्रिया ४-३ असा हरला. पण सिंडेलारने एक गोल केला, आणि शहर अशा थाटात घरी गेले की जिंकलेच आहेत!

तरीही वाद संपेना, आणि येथे मला विरोधकांची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. सिंडेलार आल्यानंतर त्याच्या क्लबाने लीग जिंकली ती फक्त एकदा, १९२६ साली. नंतर अॅडमिरा, रापिड, फर्स्ट व्हिएन्ना हेच ती वाटून घेत राहिले. चषकाच्या सामन्यांत ऑस्ट्रिया क्लब वाघ. १९३३ च्या मित्रोपा कपच्या अंतिम फेरीत मिलानच्या आंब्रोझियाना संघाविरुद्ध पहिला सामना २-१ असा गमावल्यावर व्हिएन्नातील दुसरा ३-१ असा जिंकला. तिन्ही गोल सिंडेलारचे. १९३६ मध्ये तोच कप पुन्हा. परंतु लीग म्हणजे चिखलातले, थंडीतले, हजारभर प्रेक्षकांपुढचे रविवार. तेथे कलेपेक्षा हजेरी लागते. रापिडचे लोक हे बोट नेमके दुखऱ्या जागी ठेवत. ऑस्ट्रियावाल्यांचे उत्तर असे की एका हंगामातले गुण पुढच्या हंगामात कुणाला आठवत नाहीत, ती तीन गोलांची संध्याकाळ नातवंडांना सांगता येते. मी यात कुणाच्या बाजूचा, ते अजून ठरवू शकलो नाही. कट्ट्यावर विचाराल तर रापिडचा. एकट्याला विचाराल तर सिंडेलारचा.

१९३४ च्या विश्वचषकात उपांत्य सामना मिलानला यजमान इटलीशी झाला. भर पावसात, चिखलात, लुइस मोंतीच्या राकट पहाऱ्यात सिंडेलार कोंडला गेला आणि ऑस्ट्रिया १-० असा हरला. चमत्कार ओसरू लागला होता. फेब्रुवारी १९३७ मध्ये माइझल वारला.

१२ मार्च १९३८ रोजी हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. ३ एप्रिलला, सार्वमताच्या आठवडाभर आधी, प्राटर स्टेडियमवर ऑस्ट्रिया व जर्मनी यांचा ‘एकीकरणाचा’ सामना ठेवला गेला. ऑस्ट्रियाने गोल करू नयेत असा वरून हुकूम होता, सिंडेलारने पूर्वार्धात सोप्या संधी मुद्दाम हुकवून त्या हुकमाची टिंगल केली, नंतर गोल मारला आणि नाझी अधिकाऱ्यांपुढे नाच केला, अशी कथा आहे. यातले पक्के इतकेच की सिंडेलारने पहिला गोल केला, सेस्टाने दुसरा, आणि निकाल २-० लागला. हुकमाला पुरावा नाही. बाकीचे शहराच्या इच्छेने रचले असावे. पण जर्मनीच्या राष्ट्रीय संघात खेळण्यास त्याने नकार दिला, हे मात्र खरे. वयाचे आणि गुडघ्याचे कारण सांगितले. वय पस्तीस होते, गुडघाही दुखराच. तेव्हा कारण खरेही असेल आणि निमित्तही.

क्लबाचे ज्यू अध्यक्ष एमानुएल श्वार्त्स यांना पदावरून दूर केले गेले आणि खेळाडूंनी त्यांच्याशी बोलू नये अशी ताकीद मिळाली. सिंडेलारने ती मानली नाही. रस्त्यात भेटले की तो त्यांना नमस्कार करीत राहिला, असे सांगतात. हाकोआह क्लब बंद केला गेला. रिंग कॅफेतल्या टेबलांवरची किती माणसे परागंदा झाली, किती छावण्यांत गेली! ज्या वादाविषयी मी एवढे लिहिले, तो वाद घालणारेच आता शहरात उरले नव्हते.

आणि याच उन्हाळ्यात सिंडेलारने एक कॅफे विकत घेतला. नव्या राजवटीने व्यावसायिक फुटबॉलच बंद केल्यामुळे त्याला पोटापाण्याचे पाहणे भाग होते. कॅफे फाव्होरिटनमधलाच, मालक लिओपोल्ड ड्रिल, ज्यू. ज्यूंची मालमत्ता सक्तीने ‘आर्यांच्या’ हाती जाण्याचे ते दिवस. सिंडेलारने वीस हजार मार्क दिले. त्याने मित्राला रास्त किंमत दिली असे त्याचे चाहते म्हणतात. पुढे कागदपत्रे पाहणाऱ्या संशोधकांनी हे मान्य केले नाही. मलाही ते पटत नाही. विकणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक नसेल तेथे रास्त किंमत या शब्दांना अर्थ उरत नाही. ड्रिल पुढे टेरेझिनश्टाटच्या छावणीत मरण पावला. सिंडेलारने हात चोळत हा सौदा केला असेही मी म्हणणार नाही, पण केला. नाझींपुढे न नाचलेल्या नाचावर पानेच्या पाने लिहिणारे या सौद्यापाशी आले की घाईने पुढे सरकतात. तसे मला करायचे नाही.

२३ जानेवारी १९३९ ला सकाळी मित्राने आनागासे रस्त्यावरच्या एका घराचे दार फोडले. आत सिंडेलार मृत होता. त्याची मैत्रीण कामिला कास्तान्योला बेशुद्ध. तीही वाचली नाही. धुराड्यातल्या दोषामुळे विषारी वायू खोलीत साठला, असा निष्कर्ष पोलिसांनी काढला. शहराने तो मानला नाही. खून म्हणणारे झाले, आत्महत्या म्हणणारे झाले. परदेशात पळून गेलेल्या फ्रीडरिख टोरबर्ग या लेखकाने कविता लिहिली, तीतही आत्महत्येचाच सूर आहे. अपघात नोंदवला नसता तर मानाची अंत्ययात्रा मिळाली नसती, म्हणून एका अधिकाऱ्याला वश करून तशी नोंद करवली, असे एका मित्राने अनेक वर्षांनी सांगितले. दुसरीकडे, त्या इमारतीच्या धुराड्याविषयी शेजाऱ्यांनी आधीच तक्रार केली होती. मला स्वतःला धुराडेच खरे वाटते. पण दहा-पंधरा हजारांहून अधिक माणसे ज्याच्या अंत्ययात्रेला जमली, तो बुजलेल्या धुराड्याने मेला हे त्या हिवाळ्यात त्या माणसांना कसे पटावे?

तो ऑस्ट्रियासाठी ४३ सामने खेळला. गोल कुठे २६ लिहिलेले सापडतात, कुठे २७. म्हणजे त्यावरही वाद आहेच. श्वार्त्स महायुद्धात इटली-फ्रान्समध्ये लपतछपत जगले, युद्धानंतर व्हिएन्नाला परतले आणि पुन्हा ऑस्ट्रिया क्लबाचे अध्यक्ष झाले. सिंडेलारची कबर मध्यवर्ती दफनभूमीत आहे, आणि क्लबाचे लोक जानेवारीच्या थंडीत अजूनही तेथे जमतात.