विश्लेषण : ‘ऑकमचा वस्तरा’ कुणाचा? पोपच्या नगरीतून पळालेल्या भिक्षूची गोष्ट

घरातले दिवे गेले तर आधी शेजाऱ्यांकडे वीज आहे का ते पाहावे, मग फ्यूज तपासावा आणि भुताटकीचा विचार सर्वात शेवटी करावा. रोजच्या व्यवहारातील या शहाणपणाला तत्त्वज्ञान, विज्ञान आणि संगणकशास्त्रात ‘ऑकमचा वस्तरा’ म्हणतात. एखाद्या गोष्टीचा उलगडा कमी गृहीतकांत होत असेल, तर जास्तीची गृहीतके कापून टाकावीत, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. हा वस्तरा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो विल्यम ऑकम १४व्या शतकातील इंग्लिश भिक्षू. गरिबीच्या व्रतासाठी तो थेट पोपशी भिडला, एका रात्री पळून गेला आणि शेवटची १९ वर्षे धर्मबहिष्कृत म्हणून परदेशात जगला. त्याचे आयुष्य पाहिले की वस्तऱ्याचा अर्थही जरा वेगळा दिसू लागतो.

विल्यम ऑकम कोण होता?

लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात ऑकम नावाचे खेडे आहे. विल्यमचा जन्म साधारण १२८७च्या सुमारास तेथे झाला असे मानले जाते. लहान वयातच तो फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाला. इटलीतील असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १३व्या शतकाच्या सुरुवातीला हा पंथ स्थापला होता. भिक्षूंनी व्यक्ती म्हणून मालमत्ता बाळगायची नाहीच, पण संघाच्या नावानेही बाळगायची नाही, हे या पंथाचे वेगळेपण होते. ऑकमच्या आयुष्यातील सर्वात मोठे वादळ पुढे याच नियमावरून उठले.

१३०६ मध्ये लंडनलगतच्या साउथवर्क येथे त्याला धर्मसेवेची प्राथमिक दीक्षा मिळाली. पुढे त्याने ऑक्सफर्डमध्ये ईश्वरशास्त्राचा अभ्यास केला. १३१७ ते १३१९ या काळात त्याने पीटर लोम्बार्ड यांच्या ‘सेन्टेन्सेस’ या तेव्हाच्या प्रमाण पाठ्यग्रंथावर व्याख्याने दिली. पात्रता पूर्ण होऊनही तेथील अध्यापकाचे आसन त्याला कधीच मिळाले नाही. म्हणून त्याच्या नावाआधी ‘आरंभ करणारा’ अशा अर्थाची लॅटिन उपाधी लागली, ती कायमची. १३२३च्या सुमारास त्याने ‘सुम्मा लॉजिके’ हा तर्कशास्त्रावरील मोठा ग्रंथ लिहिला.

वस्तरा नेमका कशावर चालला?

त्या काळच्या विद्यापीठांत एक प्रश्न गाजत होता. हा घोडा आणि तो घोडा तर दिसतो. पण सर्व घोड्यांत समान असलेले ‘अश्वत्व’ ही जगात खरोखर अस्तित्वात असलेली वेगळी गोष्ट आहे का? अनेक विद्वानांचे उत्तर कोणत्या ना कोणत्या अर्थाने होकारार्थी होते. ऑकमचे उत्तर नकारार्थी होते. जगात आहेत ते एकेकटे घोडे, एकेकटी माणसे, एकेकटी झाडे. ‘घोडा’ ही सर्वांना लागू पडणारी खूण आपल्या मनात आणि भाषेत असते, बाहेर नाही. या भूमिकेला पुढे नाममात्रवाद असे नाव मिळाले.

हीच पद्धत त्याने इतरत्र वापरली. अ‍ॅरिस्टॉटलने वस्तूंविषयी बोलण्याचे दहा प्रकार सांगितले होते. ऑकमच्या मते त्यांपैकी द्रव्य आणि गुण एवढेच वस्तुतः वेगळे मानण्याची गरज आहे. बाकीचे आपल्या बोलण्याचे प्रकार आहेत. त्याचे एक उदाहरण गमतीचे आहे. वस्तूंमधील प्रत्येक संबंध ही जगातील वेगळी गोष्ट मानली, तर नुसते बोट हलवले तरी विश्वातील प्रत्येक वस्तूशी त्या बोटाचे अंतर बदलेल आणि असंख्य नव्या गोष्टी जन्माला आल्या असे म्हणावे लागेल. बोट, वस्तू आणि त्यांच्या जागा एवढ्याने भागते, तर ही गर्दी कशाला?

त्याचा नियम काय होता?

येथे बहुतेकांची गल्लत होते. सोपे तेच खरे, असे ऑकमने म्हटलेले नाही. एखादी गोष्ट आहे असे ठामपणे सांगायचे असेल तर तीनपैकी एक आधार हवा, असे त्याचे म्हणणे होते. ती स्वयंसिद्ध असावी, अनुभवातून कळलेली असावी किंवा धर्मग्रंथाने सांगितलेली असावी. तीनही आधार नसतील तर ती मानू नये.

तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता. ईश्वर सर्वशक्तिमान असल्याने कमी साधनांत होणारे काम तो अधिक साधनांनीही करू शकतो, हे त्याला मान्य होते. म्हणजे जग साधेच असले पाहिजे असे बंधन नाही. बंधन आहे ते आपल्या दाव्यांवर. पित्याचा, पुत्राचा आणि पवित्र आत्म्याचा त्रैक्य सिद्धांत तर्काने सिद्ध होत नाही, असे तो मानत असे. तरीही धर्मग्रंथाचा आधार असल्याने त्याने तो कापला नाही. थोडक्यात, वस्तरा निराधार दाव्यांसाठी होता.

पोपच्या दरबारी बोलावणे का आले?

त्या काळी पोपचे वास्तव्य रोममध्ये नव्हते. आज फ्रान्समध्ये असलेल्या आव्हिन्यों या नगरातून चर्चचा कारभार चाले. ऑकमची काही मते पाखंडी असल्याची तक्रार तेथे पोहोचली आणि १३२४ मध्ये त्याला आव्हिन्योंला जावे लागले. पोप जॉन बाविसावा याने नेमलेल्या समितीने त्याच्या लेखनातील ५६ विधाने तपासली. त्यांपैकी बहुतेकांवर समितीने आक्षेप नोंदवले, पण औपचारिक दोषी ठरवणारा निकाल आला नाही. चौकशी लांबत गेली. सुमारे चार वर्षे ऑकम तेथील फ्रान्सिस्कन मठात राहिला.

गरिबीचा वाद काय होता?

याच काळात पोप आणि फ्रान्सिस्कन पंथ यांच्यात संघर्ष पेटला होता. येशू आणि त्याच्या शिष्यांकडे स्वतःच्या किंवा सामायिक मालकीचे काहीच नव्हते, म्हणून आपणही काही बाळगत नाही, असे पंथाचे म्हणणे होते. मग भिक्षू जेवतात, वस्त्रे वापरतात, मठात राहतात ते कसे? त्यावर तोड अशी होती, की वस्तू भिक्षूंनी वापरायच्या आणि मालकी पोपच्या नावावर राहायची. १२७९ मध्ये पोप निकोलस तिसरा याने ही व्यवस्था मान्य केली होती.

जॉन बाविसावा कायद्याचा जाणकार होता. त्याला ही व्यवस्था म्हणजे शब्दांचा खेळ वाटली. भाकर खाल्ली की ती संपते. मग खाणारा एक आणि मालक दुसरा, याला काय अर्थ? १३२२ मध्ये त्याने ती मालकी नाकारली. १३२३ मध्ये तर येशू व शिष्यांकडे काहीच नव्हते असे आग्रहाने म्हणणे हेच पाखंड असल्याचे त्याने जाहीर केले.

पंथाचा प्रमुख मायकेल ऑफ चेझेना यालाही आव्हिन्योंला बोलावण्यात आले होते. १३२८ मध्ये त्याने ऑकमला पोपची या विषयावरील फर्माने तपासायला सांगितले. ऑकमने ती वाचली आणि तो हादरला. पोप स्वतःच पाखंडी मते मांडत आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. पाखंडाच्या आरोपाखाली ज्याची चौकशी चालू होती, तोच आता चौकशी करणाऱ्या सर्वोच्च सत्तेवर तोच आरोप ठेवत होता.

रात्रीचे पलायन कसे झाले?

२६ मे १३२८च्या रात्री मायकेल, ऑकम आणि त्यांचे काही सहकारी आव्हिन्यों सोडून निघाले. पंथाची मोहोर त्यांनी बरोबर घेतली. एग-मोर्त या बंदरातून ते समुद्रमार्गे इटलीकडे गेले. काही दिवसांतच, जूनमध्ये, त्यांना धर्मबहिष्कृत करण्यात आले.

पिसा येथे त्यांना बव्हेरियाच्या लुडविगचा आश्रय मिळाला. त्याने जानेवारी १३२८ मध्ये रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट धारण केला होता. सम्राटाच्या निवडीला पोपची मान्यता लागते की नाही, यावरून त्याचेही पोपशी वैर होते. १३३०च्या सुमारास ही मंडळी त्याच्याबरोबर म्युनिकला गेली. ऑकम तेथून परतला नाही.

म्युनिकमध्ये त्याने काय केले?

तर्कशास्त्रज्ञ ऑकम आता राजकीय लेखक झाला. ‘नव्वद दिवसांचे काम’ या ग्रंथात त्याने पोपचे म्हणणे मुद्द्यागणिक खोडून काढले. गंमत अशी, की या वादात कापाकापी पोप करत होता आणि ऑकम एक भेद वाचवत होता. वापर आणि मालकी वेगळ्या मानण्याची गरज नाही, असे पोप म्हणत होता. ऑकमचे उत्तर होते, की गरज आहे. कुणी परवानगी दिली म्हणून भाकर खाणे वेगळे आणि ती भाकर मिळावी म्हणून न्यायालयात दावा लावण्याचा हक्क असणे वेगळे. भिक्षूंनी दुसरी गोष्ट सोडली आहे, पहिली नाही. जीव जाण्याची वेळ आली तर दुसऱ्याची वस्तू वापरण्याचा निसर्गदत्त हक्क प्रत्येक माणसाला आहे आणि तो कुणी सोडूही शकत नाही, असेही त्याने मांडले. ‘गरजेशिवाय’ हा शब्द त्याच्या पद्धतीत किती महत्त्वाचा होता, ते येथे दिसते.

पोप चुकू शकतो, त्याची सत्ता अमर्याद नाही, ती श्रद्धावानांना गुलाम करण्यासाठी नाही, ही भूमिका त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. मायकेलचे १३४२ मध्ये निधन झाले. एप्रिल १३४७ मध्ये म्युनिकमध्येच ऑकमचा मृत्यू झाला, तोही बहिष्कृत असतानाच. तो १३४९ मध्ये प्लेगने गेला, असे अनेक पुस्तकांत छापले गेले. त्या सुमाराला युरोपात माणसे प्लेगने मरत होती, त्यामुळे ते सहज पटणारे होते. पण आता १३४७ हेच वर्ष ग्राह्य धरले जाते. तेव्हा ती साथ पश्चिम युरोपात पोहोचलीही नव्हती.

मग ‘वस्तरा’ हे नाव कुठून आले?

गरजेशिवाय गोष्टींची संख्या वाढवू नये, हे आज ऑकमच्या नावाने सांगितले जाणारे लॅटिन वचन त्याच्या कोणत्याही ग्रंथात आढळलेले नाही. ते जॉन पंच या आयरिश फ्रान्सिस्कनाने १६३९ मध्ये त्या रूपात लिहिले. ‘वस्तरा’ हा शब्दही १७व्या शतकातला. कल्पना तर अ‍ॅरिस्टॉटलपासूनची. ऑकमने ती इतक्या सातत्याने वापरली, की नाव त्याचे झाले.

भारतीय परंपरेतही स्वतंत्रपणे हा विचार झाला. न्याय आणि मीमांसा दर्शनांत कमी गृहीतके म्हणजे ‘लाघव’ आणि विनाकारण जास्त गृहीतके म्हणजे ‘गौरव’, हा दोष. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, अशा आशयाची परिभाषा काशीत राहणारे महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट यांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १९व्या शतकात त्याचे संपादन आणि इंग्रजी भाषांतर केले.

विज्ञानात तो कसा वापरला जातो?

न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’मध्ये हाच दंडक घातला : खरी आणि पुरेशी कारणे मिळाली की आणखी कारणे मानू नयेत. प्रकाशलहरी वाहून नेणारा ‘ईथर’ सर्वत्र भरलेला आहे, असे १९व्या शतकातील शास्त्रज्ञ मानत. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याच्याशिवाय सिद्धांत मांडला आणि ईथर अनावश्यक ठरला.

संगणकाच्या जगात ऑकमचे नाव थेटच आले. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीने १९८३ मध्ये आपल्या ‘ट्रान्सप्युटर’ चिपसाठी तयार केलेल्या सुटसुटीत प्रोग्रामिंग भाषेचे नाव ‘ऑकम’ ठेवले. त्याहून खोल संबंध यंत्राला शिकवण्याच्या शास्त्राशी आहे. दहा बिंदूंमधून जाणारी वेडीवाकडी रेषा काढली तर ती दहाही बिंदू बरोबर गाठते, पण अकराव्याचा अंदाज चुकवू शकते. कारण तिने नियमाबरोबर योगायोगही पाठ केलेला असतो. म्हणून नियमाचे वर्णन आणि त्याआधारे माहितीचे वर्णन मिळून कमीत कमी जागेत मावेल असा नियम निवडावा, ही पद्धत जोर्मा रिसानेन यांनी १९७८ मध्ये मांडली.

वस्तरा चुकतो का?

एकट्याने निकाल देण्यासाठी तो वापरला तर चुकतो. युरेनस ग्रहाची कक्षा गणितात बसत नव्हती, तेव्हा ल व्हेरिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणखी एक ग्रह असावा असे मांडले. १८४६ मध्ये त्याने सांगितलेल्या जागेजवळ नेपच्यून सापडला. बुधाची कक्षाही बसत नव्हती. १८५९ मध्ये त्याने तेथेही एक अज्ञात ग्रह सुचवला. ‘व्हल्कन’ हे नावही रूढ झाले. तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने बुधाचे कोडे सोडवले. शास्त्रज्ञ तोच, युक्तीही तीच. एकदा वाढवलेली गोष्ट खरी निघाली आणि एकदा खोटी. निवाडा दुर्बिणीने आणि गणिताने केला. डॉक्टरही सर्व लक्षणांसाठी आधी एकच आजार शोधतात, पण एका रुग्णाला दोन आजार असू शकतात हे विसरत नाहीत.

ऑकमला हे नवीन वाटले नसते. अनुभव हा त्याच्या तीन आधारांपैकी एक होताच. म्युनिकमधील ज्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये त्याचे दफन झाले, ते १९व्या शतकाच्या सुरुवातीला पाडले गेले. आज तेथे मॅक्स-जोसेफ चौक आहे. शहराच्या श्वाबिंग भागातील एका रस्त्याला त्याचे नाव आहे. कुठलीही मालमत्ता न बाळगण्याचे व्रत घेतलेल्या भिक्षूच्या नावावर आज जगभर एक वस्तरा मात्र आहे, आणि तोही पुढच्यांनी दिलेला.