आठव्या वर्षी लग्न लागलेल्या दुर्गाबाई आणि कौटुंबिक न्यायालयाची गोष्ट

नवरा-बायको वेगळे झालेत. पोरगं सहा वर्षांचं. आई सांगते, बाप मारतो, पोराला त्याच्याकडे एकटं सोडू नका. बाप सांगतो, मला पोराला भेटू द्यायचं नाही म्हणून हे सगळं रचलंय. कधी हेच उलटं असतं, आरोप बापाचा असतो आणि नाकारत आई असते. घरात तिसरं कोणी नव्हतं. आता खरं कोणाचं धरायचं?

छत्रपती संभाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय घ्या, पुण्याचं घ्या, मुंबईचं घ्या, हा प्रश्न तिथं नेहमीचा आहे. जमिनीच्या दाव्यासारखा तो सातबारा काढून सुटत नाही. फौजदारी खटल्यासारखा दोषी की निर्दोष एवढ्यावरही संपत नाही, कारण निकालानंतरसुद्धा पोराला कुणाकडे तरी राहायचंच असतं.

अशा भांडणांसाठी वेगळं कोर्ट पाहिजे, हे आपल्या देशात अगदी सुरुवातीला ठासून मांडलं ते दुर्गाबाई देशमुख यांनी. आडनाव मराठी असलं तरी बाई मूळच्या तेलुगू. आणि त्यांचं स्वतःचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा असं कोर्ट तर सोडाच, बाईला दाद मागायला धड कायदाही नव्हता.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ चा, आंध्रातल्या राजमहेंद्रीचा. आठव्या वर्षी नात्यातल्या सुब्बाराव यांच्याशी त्यांचं लग्न लावून दिलं. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटलं ते दुर्गाबाईंना, समज आल्यावर. आपल्याला हा संसार करायचा नाही, शिकायचंय, असं त्यांनी ठरवलं आणि वडील आणि भाऊ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. इथं थोडं थांबायला हवं. त्या काळी हिंदू बाईला घटस्फोट मागण्याची सोय कायद्यात नव्हती. नवऱ्याला सोडलेल्या बाईचं काय व्हायचं, ते पूर्णपणे माहेरच्या मर्जीवर होतं. दुर्गाबाईंचं माहेर चांगलं निघालं म्हणून निभावलं.

पोरीचा स्वभाव मात्र लहानपणापासून कडक. १९२१ मध्ये गांधीजी काकीनाड्याला येणार होते. लहानग्या दुर्गाबाईंना वाटलं, गावातल्या देवदासींनी आणि पडद्यातल्या मुसलमान बायकांनी गांधीजींना भेटलं पाहिजे. आयोजकांनी अट टाकली, पाच हजार रुपये जमवा. त्यांनी त्या बायकांच्या मदतीनेच पैसे जमवले आणि सभा घडवून आणली. तिथं गांधीजींच्या भाषणाचं तेलुगू भाषांतरही या पोरीनेच केलं.

दोन वर्षांनी काकीनाड्यातच काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खादी प्रदर्शनाच्या दारावर दुर्गाबाई स्वयंसेविका होत्या. काम एकच, तिकीट असेल त्यालाच आत सोडायचं. समोर जवाहरलाल नेहरू आले, तिकीट नव्हतं. दुर्गाबाईंनी अडवलं. आयोजक धावत आले, रागावले, पण बाई हलल्या नाहीत. शेवटी नेहरूंसाठी तिकीट आणलं गेलं तेव्हा ते आत गेले. नेहरूंनी उलट कौतुकच केलं म्हणतात.

मिठाच्या सत्याग्रहापासून पुढं, १९३० ते १९३३ या काळात, त्यांना तीनदा तुरुंगवास झाला. तिथं त्यांच्या सोबतीला राजकीय कैदी तर होत्याच, पण खून, चोरी अशा गुन्ह्यांत आलेल्या साध्या, निरक्षर बायकाही होत्या. आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे, कोर्टात काय बोलायचं असतं, हेही त्यांतल्या कित्येकींना ठाऊक नव्हतं. कायदा शिकला पाहिजे, हे दुर्गाबाईंच्या मनात पक्कं झालं ते या तुरुंगात.

सुटल्यावर त्या परत शाळकरी पोरीसारख्या अभ्यासाला बसल्या. बनारसहून मॅट्रिक, आंध्र विद्यापीठातून राज्यशास्त्रात बी.ए. आणि एम.ए., आणि १९४२ मध्ये मद्रासहून वकिलीची पदवी. मधेच १९३७ साली त्यांनी मद्रासमध्ये आंध्र महिला सभा सुरू केली. सोडलेल्या, विधवा झालेल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या बायकांना परीक्षेला बसवायचं आणि पायावर उभं करायचं, हे तिचं काम. पुढं या संस्थेची शाळा, दवाखाने, महाविद्यालयं झाली.

संविधान सभेत दुर्गाबाई होत्या, सभापतींच्या तालिकेत तर त्या एकट्या बाई. हिंदू कोड बिलाची छाननी करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रवर समितीतही त्या होत्या. याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, ज्याला आज मिलिंद म्हणतात. ते बिल तेव्हा बारगळलं, पण १९५५ आणि १९५६ मध्ये तुकड्यातुकड्यांनी कायदे झाले. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा यावर आजही ज्या कलमांचा आधार घेतला जातो, ती बरीचशी त्यातलीच.

आता देशमुख आडनावाची गोष्ट. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते. दुर्गाबाई नियोजन मंडळावर होत्या. कामातून ओळख झाली आणि २२ जानेवारी १९५३ रोजी दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. साक्षीदार कोण? पंडित नेहरू. तीस वर्षांपूर्वी दारात अडवले गेलेले तेच. याच चिंतामणरावांनी पुढं १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

१९५३ हे वर्ष दुर्गाबाईंचं फार धावपळीचं गेलं. लग्न झालं, केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघालं आणि त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी त्या चीनला गेल्या. तिथं घरगुती भांडणांसाठी स्वतंत्र न्यायालयं चालतात हे त्यांनी पाहिलं आणि परत आल्यावर त्याच विषयाचा पिच्छा पुरवला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याशी त्या बोलल्या, नेहरूंशी बोलल्या. गंमत म्हणजे औरंगाबाद तेव्हा मुंबईच्या उच्च न्यायालयाखाली नव्हतंच. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तो मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला.

कल्पना साधी होती. काळा कोट, उलटतपासणी, तारखांवर तारखा हे घरच्या भांडणाला चालत नाही. तिथं समजून घेणारा न्यायाधीश हवा, समाजसेवक हवेत, शक्य असेल तर समेट हवा. पण सरकारी गाडा हलायला तीस वर्षं लागली. दुर्गाबाईंना १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं, त्याच वर्षी चिंतामणरावांनाही. ९ मे १९८१ ला दुर्गाबाई गेल्या, पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला चिंतामणराव गेले. कौटुंबिक न्यायालय कायदा झाला सप्टेंबर १९८४ मध्ये. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २७ ऑगस्ट १९८४ ला, औरंगाबादला उच्च न्यायालयाचं कायमचं खंडपीठ झालं होतं. म्हणजे आज संभाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाचा निकाल पटला नाही तर ज्या दोन न्यायमूर्तींपुढं अपील चालतं, ते खंडपीठ आणि हा कायदा एकाच पावसाळ्यातले.

कायदा वाचला की दुर्गाबाईंच्या कल्पनेचा ठसा दिसतो. वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायाधीशांची परवानगी लागते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा मिळते हा भाग वेगळा. एखाद्या पक्षकारानं मागितलं तर सुनावणी बंद दाराआड चालते. विवाह समुपदेशक कोर्टातच बसतात. आणि समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायाधीशाचं कर्तव्य आहे.

खरी अडचण इथंच सुरू होते. सासूशी पटत नाही, पगार कोण सांभाळणार, अशा भांडणात समेट शोभतो. पण मारहाणीचा किंवा लेकराच्या छळाचा आरोप असेल तर काय मिटवायचं? ज्या बाईनं मार खाल्लाय तिला, जरा जुळवून घ्या, हे सांगणं म्हणजे परत त्याच घरात ढकलणं. आणि आरोप खोटा असेल तर ज्याच्यावर तो झालाय त्याला तडजोड नको असते, नाव साफ करून हवं असतं. कायद्यानं याला वाट ठेवली आहे. समेटाचा प्रयत्न प्रकरणाचं स्वरूप पाहून करायचा असतो, सरसकट नव्हे. तरी गर्दीच्या कोर्टात हा फरक किती पाळला जातो, ते त्या त्या न्यायाधीशावर आणि समुपदेशकावर बरंच अवलंबून असतं.

मग कोर्ट आरोप खरा की खोटा हे ठरवतं कसं?

पहिली गोष्ट, मोजमाप फौजदारी खटल्यापेक्षा वेगळं आहे. पुण्यातल्या एका दांपत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दुर्गाबाईंना पद्मविभूषण मिळालं त्याच १९७५ साली त्याचा निकाल न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी दिला. वैवाहिक प्रकरणात छळ संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, दोन्ही बाजू तराजूत टाकल्यावर काय घडलं असण्याचा संभव जास्त आहे ते पाहायचं, असं त्यात ठरलं. मात्र आरोप जितका गंभीर, तितकी छाननी कडक.

दुसरं, पुरावा. पुरावा कायद्याच्या काटेकोर नियमात न बसणारे कागद, अहवाल, जबाबही कौटुंबिक न्यायालय उपयोगी वाटले तर घेऊ शकतं. दवाखान्याची चिठ्ठी, शाळेतल्या बाईंचं निरीक्षण, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, शेजाऱ्याची साक्ष, आरोप पहिल्यांदा कधी केला गेला ती तारीख, सगळं बघितलं जातं. नवरा-बायकोनं एकमेकांचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत घेण्याची मुभा कायद्यातच आहे.

तिसरं, लेकरू. न्यायाधीश बहुतेक वेळा मुलाला आपल्या चेंबरमध्ये बोलावून, आई-बापाला बाहेर ठेवून बोलतात. मुलाला समज आली असेल तर त्याचं मत विचारात घेतात, पण तेवढ्यावरच निकाल देत नाहीत. पोरगं पढवलेलं असू शकतं, घाबरलेलंही असू शकतं, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. इथं आणखी एक बारकावा आहे. समुपदेशनात आई-बाप जे बोलतात ते गोपनीय असतं. मात्र ताब्याच्या प्रकरणात मुलाच्या मनःस्थितीबद्दल समुपदेशकानं दिलेला अहवाल कोर्ट वापरू शकतं, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं.

मुलाला एका पालकाविरुद्ध भरवलं जातंय, हा युक्तिवाद हल्ली फार होतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची दखल घेतली होती. पण २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं बजावलं, की नेमके प्रसंग दाखवल्याशिवाय कुठल्याही पालकावर हा शिक्का घाईनं मारू नका. हे बरं झालं. नाहीतर लेकराची तक्रार घेऊन येणारी प्रत्येक आई आणि प्रत्येक बाप आधीच खोटा ठरला असता.

पोलिसात तक्रार असेल, पोक्सोचा खटला असेल, तर तो वेगळ्या कोर्टात चालतो. तिथं आरोपी सुटला म्हणून ताबा आपोआप मिळत नाही आणि गुन्हा नोंदला म्हणून ताबा आपोआप जातही नाही. आरोप सिद्ध झाला नाही याचा अर्थ तो खोटाच होता, असाही होत नाही. पुरावा कमी पडला, एवढंच.

तोपर्यंत लेकराचं काय? अंतिम निकालाला वर्षं लागू शकतात, म्हणून कोर्ट मधले आदेश काढतं. आरोप अगदी पोकळ वाटत नसेल तर भेट बंद न करता देखरेखीखाली ठेवली जाते, बहुधा कोर्टाच्याच आवारात, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेला. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तर भेटीनं मुलाला धोका असेल तर ती नाकारण्याचाही अधिकार आहे. पाच वर्षांच्या आतलं मूल हिंदू कायद्यानुसार साधारणपणे आईकडे राहतं, पण हा नियमसुद्धा मुलाच्या हितापुढं दुय्यम आहे.

निकाल लागल्यावर अपिलाला ठरावीक मुदत असते. आणि ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. लेकरू मोठं झालं, परिस्थिती बदलली, नवा पुरावा आला, की कुणीही पालक त्याच कोर्टात पुन्हा अर्ज करू शकतो.